दोन हन्ना

मराठी बायबलमध्ये हन्ना नावाच्या दोन बायका आहेत. एक जुन्या करारात, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच भेटते. दुसरी नव्या करारात, लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात. दोघींमध्ये हजारेक वर्षांचं अंतर आहे. इंग्रजीत दुसरीला ॲना म्हणतात, त्यामुळे इंग्रजी बायबल वाचणाऱ्याला त्या वेगवेगळ्या नावांच्या वाटतात. मूळ नाव एकच आहे आणि आपल्याकडे ते तसंच राहिलं. अर्थ, कृपा.

पहिली हन्ना चर्चमध्ये वाढलेल्या प्रत्येकाला माहीत असते. दुसरीचं नाव नाताळनंतरच्या एखाद्या रविवारी, शिमोनाबद्दल बोलून झाल्यावर, जाता जाता घेतलं जातं. माझ्या वाट्याला पहिली पुष्कळ आली, कारण मला मूल नाही.

माझं माहेर नगरचं. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली तिथे काम सुरू केलं आणि त्या कामातून जी कुटुंबं उभी राहिली त्यांतलंच आमचं एक. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, आजी दवाखान्यात नर्स. घरातल्या फळीवर पवित्र शास्त्र, ‘उपासना संगीत’ आणि ‘स्मृतिचित्रे’ ही तीन पुस्तकं कायम. मी गणित शिकवते. २००३ साली, सव्विसाव्या वर्षी लग्न होऊन पुण्याला आले. नवरा चर्चच्या गायनवृंदात पेटी वाजवायचा, अजूनही वाजवतो.

तिसऱ्या वर्षी महिला मंडळाच्या प्रार्थनेनंतर एका मावशींनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “हन्नासारखी प्रार्थना कर गं. ती कधी वाया गेली नाही.” तिथून सुरुवात झाली.

हन्नाची गोष्ट थोडक्यात अशी. एलकानाला दोन बायका. पनिन्नाला मुलंबाळं होती, हन्नाला नव्हती. पनिन्ना तिला टोचून बोलायची. दर वर्षी सगळे शिलोला उपासनेला जात आणि दर वर्षी हन्ना जेवणावरून रडत उठायची. नवरा विचारायचा, मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का? शेवटी एकदा ती मंदिरात जाऊन मनातल्या मनात बोलत राहिली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. दाराशी बसलेल्या एली याजकाला वाटलं, बाई प्यायलेली आहे. तिने त्याला सांगितलं, मी प्यायलेले नाही, मी माझं मन ओततेय. तिने नवस केला होता: मुलगा झाला तर देवाला देईन. शमुवेल झाला.

पुढच्या काही वर्षांत मला या गोष्टीची सगळी भावंडं भेटली. सारा, रिबका, राहेल, मानोहाची बायको (तिचं नाव बायबलमध्ये दिलेलंच नाही), अलीशिबा. गणिताच्या शिक्षिकेला आकडे आपोआप लक्षात राहतात. अब्राहाम घर सोडून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता, इसहाक झाला तेव्हा १००. म्हणजे २५ वर्षं. इसहाकाचं लग्न चाळिसाव्या वर्षी, जुळी मुलं साठाव्या वर्षी. म्हणजे २०. मी माझी वर्षं मांडायची: चार, सात, नऊ. लोकही मांडायचे. एका लग्नात एक काका अगदी मायेने म्हणाले, “साराला नव्वदाव्या वर्षी झालं. तू तर आत्ता छत्तीसची.” मी हसले. साराही हसली होती. इसहाक या नावातच ते हसू आहे.

त्यांच्यापैकी कुणाच्याही मनात वाईट नव्हतं हे मी आज सांगू शकते. पण या सगळ्या गोष्टींना एकच शेवट आहे, आणि तो ऐकणाऱ्या बाईच्या हातात काहीतरी ठेवतो. त्या सगळ्यांना मिळालं, म्हणजे धीर धरणाऱ्याला मिळतं. मग ज्या बाईला मिळत नाही तिचा धीर कुठेतरी कमी पडला असणार. हे वाक्य माझ्यासमोर कुणीच पूर्ण केलं नाही. त्याची गरजही नव्हती, ते मी घरी जाताना रिक्षात पूर्ण करायचे.

बायबलमध्ये शौल राजाची मुलगी मीखल हीसुद्धा आहे. तिला मरेपर्यंत मूल झालं नाही असं एका ओळीत लिहून तिची गोष्ट संपते. महिला मंडळात मीखलचं नाव मी कधी ऐकलं नाही.

*

२००८ साली मी अकरा आठवडे गरोदर होते.

आईने नगरहून एक दुपटं पाठवलं होतं. तिच्या दोन जुन्या सुती साड्यांचं, हाताने धावदोरा घातलेलं. बाराव्या आठवड्याआधी कुणाला सांगायचं नसतं, म्हणून मी ते कपाटात साड्यांखाली ठेवलं. ते तिथेच राहिलं. लग्न, बाप्तिस्मा, अंत्यविधी यांच्यासाठी चर्चकडे शब्द असतात. अकराव्या आठवड्यासाठी त्या वेळी कुणाकडे काही नव्हतं. पाळकसाहेब घरी आले, चहा घेतला, डोळे मिटून बराच वेळ गप्प बसले आणि “आमेन” म्हणाले. त्या काळात मला समजलेली ती एकमेव प्रार्थना.

मग २०१० ते २०१५ उपचार. ज्यांनी आयव्हीएफ केलं आहे त्यांना सांगायला नको. इतरांसाठी एवढंच: भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर साधारण दोन आठवड्यांनी रक्त तपासतात. ते दोन आठवडे तुम्ही काहीच करू शकत नाही. कमरेत तेलकट इंजेक्शनं घ्यायची, त्यांच्या गाठी गरम पाण्याच्या पिशवीने शेकायच्या आणि कॅलेंडर बघायचं नाही असं ठरवायचं. केंद्रातल्या प्रतीक्षागृहात भिंतीभर गुबगुबीत बाळांचे फोटो होते. खुर्च्यांवर आम्ही बायका, हातात फायली. कुणाच्या मनगटाला दर्ग्याचा धागा, कुणाच्या पर्समध्ये स्वामींचा फोटो, माझ्याकडे खिशात मावणारा नवा करार. कुणी कुणाकडे बघायचं नाही. तसं ठरलेलं नव्हतं, पण पाळलं जायचं. तीन वेळा आम्ही ते दोन आठवडे काढले. तिन्ही वेळा फोनवरच्या मुलीचा आवाज “हॅलो”लाच कळायचा.

दत्तक का नाही, हेही वाचणाऱ्याच्या मनात आलं असेल. भारतात ख्रिस्ती जोडप्यांना दत्तकाचा स्वतःचा कायदा नव्हता. पूर्वी १८९०च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळायचं, ते मूल कायद्याने तुमचं मूल होत नसे. बाल न्याय कायद्याने ती वाट सर्व धर्मांच्या लोकांना मोकळी केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे आमच्या काळात दार उघडं होतं. पण आमचं घर दोघांच्या संमतीने चालतं, आणि या एका बाबतीत आम्ही दोघं एकाच वेळी ‘हो’ला कधी पोचलो नाही. कधी मी तयार असायची, कधी तो. त्याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

या सगळ्या वर्षांत आमच्या चर्चमध्ये दर महिन्याला एकदा साक्षीचा कार्यक्रम असे. ज्यांच्या प्रार्थनेला उत्तर मिळालं ते उभे राहून सांगत. नोकरी लागली, ऑपरेशन नीट झालं, जमिनीचा दावा सुटला, नऊ वर्षांनी मुलगी झाली. मंडळी टाळ्या वाजवत. मीही वाजवल्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. पण मला हळूहळू दिसायला लागलं की न मिळालेल्याची साक्ष नसते. जो वीस वर्षं मागतोय आणि तरी रविवारी येऊन त्याच बाकावर बसतोय, त्याच्यासाठी कार्यक्रमात जागा नाही. त्याचा विश्वास हा अजून पूर्ण न झालेला विश्वास. शेवटचा धडा राहिलेल्या पुस्तकासारखा.

*

तेव्हा मी स्तोत्रसंहितेकडे वळले. मुख्यतः त्यात आवाज मोठा करायची परवानगी आहे म्हणून. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन ओव्यांत ‘कुठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तर प्रार्थना करणारा रात्रंदिवस हाका मारतो, देवाला जाब विचारतो आणि स्तोत्र अंधारातच संपतं. बाकीची विलापगीतं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात. हे वळत नाही. कुणीतरी ते तसंच, न सुधारता, प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं आणि दोन-अडीच हजार वर्षं लोक ते देवासमोर म्हणत आले. धीर म्हणजे तोंड मिटून बसणं असं मला लहानपणापासून वाटत आलं होतं. स्तोत्रं म्हणणारे लोक तोंड मिटून बसलेले नाहीत.

फळीवरची ‘स्मृतिचित्रे’ही पुन्हा काढली. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० साली. मधली वर्षं वाट पाहण्यात गेली, आणि गंमत अशी की दोघं उलट्या दिशांनी वाट पाहत होती. त्यांनी परत आपल्यात यावं म्हणून या, आणि यांनी आपल्याकडे यावं म्हणून ते. लक्ष्मीबाईंची वाट पाहणं गप्प नव्हतं. रडणं होतं, भांडण होतं, मध्येच विनोद होता. त्यांनी जे मागितलं ते झालं नाही. जे झालं ते मागणीत नव्हतंच. मी ते पुस्तक शाळेत असताना हसत हसत वाचलं होतं. या वेळी त्या हसण्याला किती मोजावं लागलं असेल ते दिसलं.

त्याच सुमारास एका अभ्यासवर्गात हिब्रूतल्या एका शब्दाची ओळख झाली. आशेला हिब्रूत ‘तिक्वा’ म्हणतात. वाट पाहण्याचं जे क्रियापद आहे त्याच्याशी त्याचं नातं. आणि याच शब्दाचा दुसरा अर्थ दोरी. यहोशवाच्या पुस्तकात यरीहोची राहाब खिडकीला किरमिजी दोरी बांधते, तिथे दोरीसाठी हाच शब्द आहे. शहर पडणार आहे, भिंत पडणार आहे, आणि ती बाई खिडकीला दोरी बांधून घरात बसली आहे. मराठीतही आपण धीर ‘धरतो’, धीर ‘सोडतो’, तग ‘धरतो’. हातात धरायची वस्तू असल्यासारखं. दोरीचं एक टोक आपल्या हातात असतं. दुसरं टोक कुणाच्या हातात आहे, हा विश्वासाचा प्रश्न. पलीकडून काय ओढून आणायचं आहे हा नंतरचा.

इथे मराठी व्याकरणाने मला मदत केली. वाट पाहणं याला आपल्याकडे षष्ठी लागते: बसची वाट पाहणं, पावसाची वाट पाहणं, बाळाची वाट पाहणं. मी बारा वर्षं बाळाची वाट पाहत होते आणि त्यासाठी देवाकडे बघत होते, जसं आपण बसची वाट पाहताना रस्त्याच्या वळणाकडे बघतो. वळणाशी आपलं काही नातं नसतं. स्तोत्रकर्ते मात्र देवाची वाट पाहतात. त्यांनाही हवं असतंच: शत्रूपासून सुटका, आजारातून उठणं, घरी परतणं. ते मागतात, हट्टाने मागतात. पण क्रियापदापुढची षष्ठी देवाला लावतात.

हे समजलं म्हणून बाळ नकोसं झालं नाही. तसं लिहिलं तर ते खोटं होईल.

*

२०१५च्या नोव्हेंबरमध्ये डॉक्टरांनी पुढच्या सायकलबद्दल विचारलं आणि आम्ही नको म्हणालो. कोणी रडलं नाही. बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो. नवरा म्हणाला, “आता घरी जाऊ या.” बारा वर्षांत पहिल्यांदा आमच्यापुढे कुठली तारीख नव्हती.

२९ नोव्हेंबरला आगमनकाळाचा पहिला रविवार होता. नाताळच्या आधीचे चार रविवार चर्च वाट पाहतं. दर रविवारी एक मेणबत्ती वाढते, पाठ वाट पाहण्याचे असतात, गाणी वाट पाहण्याची. आजवर कधी लक्षात आलं नव्हतं ते त्या दिवशी बाकावर बसल्यावर आलं: ही अख्खी मंडळी एका बाळाची वाट पाहतेय. मला उठून जावंसं वाटलं. उठले नाही, कारण नवरा पेटीवर होता आणि त्याला एकट्याला सोडून जायचं नव्हतं.

त्या महिन्यात महिला मंडळात लूकचं वाचन पाळीपाळीने चालू होतं. दुसऱ्या अध्यायाचा उत्तरार्ध माझ्याकडे आला, आणि मोठ्याने वाचताना मी ‘हन्ना’ या शब्दाशी अडखळले. तोवर हन्ना म्हणजे मला सुनावली जाणारी बाई. ही कोण?

लूकने तिला तीन ओव्या दिल्या आहेत. ती संदेष्ट्री होती. आशेर वंशातली, म्हणजे उत्तरेकडच्या ज्या वंशांना अश्शूरच्या लोकांनी कधीच देशोधडीला लावलं होतं त्यांतली. तिचा बाप फनूएल, या नावाचा अर्थ देवाचं मुख. लग्नानंतर सात वर्षं नवऱ्याबरोबर राहिली आणि विधवा झाली. पुढे ८४चा आकडा येतो. ग्रीक वाक्य असं आहे की ती ८४ वर्षांची होती असंही वाचता येतं आणि विधवा होऊन ८४ वर्षं झाली होती असंही. भाषांतरंही दोन्ही प्रकारची आहेत. दुसरं धरलं तर वय शंभराच्या पुढे जातं. कसंही मोजा, साठेक वर्षं तरी ती मंदिरात उपास आणि प्रार्थना करत राहिली.

तिला मुलं होती की नव्हती, लूक सांगत नाही. ती प्रार्थनेत काय मागायची तेही सांगत नाही. पहिल्या हन्नाची मागणी आपल्याला शब्दन् शब्द माहीत आहे, दुसरीची एक अक्षरही नाही. तिच्याबद्दल माहीत आहे ती फक्त तिची हजेरी.

मग एक दिवस एक गरीब जोडपं बाळ घेऊन येतं. मुलगा झाल्यावर ४० दिवसांनी शुद्धीकरणाचं अर्पण करायचं असे. कोकरू परवडत नसेल तर पक्ष्यांची जोडी चाले, आणि मरिया-योसेफ यांच्यासाठी लूक पक्ष्यांचाच उल्लेख करतो. शिमोन बाळाला हातात घेतो आणि गातो. त्याचं गाणं पुढे जगभरच्या चर्चमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेत गेलं. हन्ना त्याच वेळी तिथे येते, देवाचे आभार मानते आणि यरुशलेमच्या मुक्तीची वाट पाहणाऱ्या सगळ्यांना त्या बाळाबद्दल सांगू लागते. तिचं एकही वाक्य लूकने नोंदवलेलं नाही.

मी तो भाग वाचून खाली बसले आणि पुढच्या चर्चेतलं काही ऐकलं नाही. साठ वर्षं किंवा त्याहून जास्त वाट पाहून या बाईच्या वाट्याला काय आलं? दुसऱ्या कुणाचं तरी ४० दिवसांचं बाळ. तेही क्षणभर बघायला. ते बोलायला लागलेलं, लोकांना बरं करू लागलेलं पाहायला ती तीस वर्षं जगणार नव्हती. मुक्ती तर सोडाच, गल्लीत रोमी शिपाई होतेच. आणि तरी लूक तिला तृप्त बाई म्हणून दाखवतो, फसवली गेलेली म्हणून नाही. तिने ज्याची वाट पाहिली तो आला, एवढं तिला पुरलं. त्याच्याकडून काय काय मिळेल याची यादी ती मांडत बसली नाही.

आणखी एक गोष्ट मला फार नंतर दिसली. ती ज्यांना सांगायला गेली ते ‘वाट पाहणारे’ अनेकवचनी आहेत. म्हणजे यरुशलेममध्ये असे लोक होते, आणि कोण कोण वाट पाहतंय हे या म्हातारीला माहीत होतं. प्रतीक्षागृहातल्या आम्हा बायकांसारखं त्यांचं नव्हतं. ते एकमेकांकडे बघत असणार.

*

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासू माणसांची मोठी यादी आहे. चर्चच्या भिंतींवर आणि कॅलेंडरांवर त्या अध्यायाची पहिली ओवी असते. पण अध्यायात लेखक दोनदा सांगतो की या सगळ्यांना वचन दिलेलं मिळालं नाही, त्यांनी ते दुरून पाहिलं आणि ते विश्वासात मेले. गंमत म्हणजे या यादीत सारा आहे. जिला मिळाल्याचा दाखला मला सतत दिला गेला, तिलाही हा लेखक न मिळालेल्यांत बसवतो. त्याच्या हिशेबात इसहाक हा शेवट नव्हता.

असं दुरून पाहणं आपल्या भाषेतही घडलं आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनचं काम सांभाळत, हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचं भाषांतर केलं. शेवटची कित्येक वर्षं त्यात गेली. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. रमाबाई मुद्रितांवर काम करतच राहिल्या. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. पूर्ण छापलेलं बायबल त्यानंतर लोकांच्या हातात आलं. केडगावला गेले की मी त्यांच्या कबरीशी थोडा वेळ थांबते. ज्यांना मी वाचते त्यांनी आपलं पुस्तक बांधलेलं पाहिलं नाही, हे आठवायला.

पहिल्या हन्नाकडेही मी परत गेले, आणि ती मला नव्याने आवडली. तिच्या गोष्टीचा पुढचा भाग उपदेशात क्वचितच येतो. दूध तुटल्यावर तिने शमुवेलाला शिलोला नेऊन सोडलं. मग दर वर्षी ती त्याच्यासाठी एक लहान झगा शिवून न्यायची. वर्षातून एकदा भेटणाऱ्या मुलाच्या अंगाचं माप तिने कसं काढलं असेल? अंदाजानेच. शेजारच्या पोरांकडे बघून, बोटांनी हवेत मोजून. तिला पुढे आणखी तीन मुलगे आणि दोन मुली झाल्या, पण तो झगा शिवणं चालू राहिलं. म्हणजे जिला मिळालं तिचीही वाट संपली नाही, नुसती बदलली. मिळालेली आणि न मिळालेली अशी जी भिंत साक्षीच्या कार्यक्रमाने माझ्या मनात बांधली होती, ती या झग्यापाशी जरा खचली.

*

हे सगळं लिहिताना एक शंका मला टोचते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, तसं तर हे नाही? मिळालं नाही म्हणून न मिळण्यालाच मोठं केलं? नवऱ्याला विचारलं. तो फार बोलणारा माणूस नाही. म्हणाला, “मला अजून राग आहे. मी देवाशी बोलतो, पण त्या विषयावर नाही.” आणि रविवारची गाणी काढायला पेटीकडे गेला. त्याचं आणि माझं उत्तर एक नाही. एका घरात दोन तऱ्हेची वाट पाहणं चालू शकतं, हे मला टिळकांच्या घरामुळे आधीच माहीत होतं.

द्राक्षांबद्दल एवढं म्हणेन: ती गोड होती. मला ती हवी होती. बाप्तिस्म्याच्या रविवारी अजूनही पहिल्या गाण्याला घसा दाटतो.

आणि आई आहे. अठ्ठ्याहत्तरची. नगरला पहाटे पाचला उठते आणि नावं घेऊन प्रार्थना करते. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे झोपले होते तेव्हा ऐकलं. माझ्या नावापुढे अजून तीच विनंती. सकाळी चहा घेताना म्हटलं, “आई, मी अठ्ठेचाळीसची आहे.”

“मला माहितीये. मीच जन्म दिलाय.”

“मग आता थांबव ना ते.”

ती बशीत चहा ओतत म्हणाली, “अगं, मी आता ते मागायला म्हणत नाही. त्याला आठवण राहावी म्हणून म्हणते. तू किती रडलीस ते त्याच्या कानावर असावं.”

माझ्या सगळ्या वाचनापेक्षा हे पुढचं होतं. मी दुसरा चहा मागितला.

ते दुपटं मी २०१९ला कपाटातून काढलं. शाळेतली एक तरुण सहकारी उपचार घेत होती. मुसलमान आहे, घरी कुणाला सांगितलेलं नव्हतं. ते मधले दोन आठवडे ती मधल्या सुट्टीत माझ्या शेजारी येऊन बसायची. मी तिला कुणाचीही गोष्ट सांगितली नाही, होईल म्हटलं नाही, डबा उघडून पुढे केला. तिला मुलगा झाला. दुपटं त्याला दिलं. त्यानंतर आणखी तिघी आल्या, त्यांतल्या दोघी चर्चमधल्या. एकीला झालं, दोघींना नाही. ज्या दोघींना नाही झालं त्या अजून येतात, आणि आम्ही क्वचितच त्या विषयावर बोलतो. गेल्या वर्षी त्यांतल्या एकीने विचारलं, “ताई, तुम्ही आता कशाची वाट पाहता?” मी उत्तर द्यायला बराच वेळ घेतला आणि शेवटी “त्याचीच” एवढंच म्हणू शकले. तिने मान हलवली. तिला पटलं की नाही माहीत नाही.

यंदा आगमनकाळात महिला मंडळात बोलायची पाळी माझ्यावर आली आहे. विषय मीच निवडायचा आहे आणि तो मी निवडला आहे: लूकच्या त्या तीन ओव्या. पंधरा मिनिटं मिळतील. समोर त्या पहिल्या दिवशीच्या मावशी असतील, आता त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून पुढच्या बाकावर बसतात. मागे कुठेतरी नुकतं लग्न झालेल्या एक-दोघी असतील. मी फनूएलच्या मुलीबद्दल बोलेन, मग माझ्याबद्दल थोडं. मागितलेलं मिळालं नाही आणि मी अजून इथे बसते, हे सांगेन. कार्यक्रमपत्रिकेत त्याला साक्ष म्हणायचं की नाही, ते मंडळीने ठरवावं.